थॅलेसेमियाची डीएनए चाचणी यंत्राच्या हाती देताना

बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची डीएनए चाचणी हाताने करायची म्हणजे काय, ते आधी सांगते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त येतं. त्यातल्या पांढऱ्या पेशींमधून डीएनए काढायचा आणि आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या म्युटेशनसाठी, म्हणजे जनुकातल्या बदलांसाठी, एकेक करून पीसीआर लावायचा, म्हणजे डीएनएच्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या. आयव्हीएस १-५, आयव्हीएस १-१, कोडॉन ८/९, कोडॉन ४१/४२, ६१९ बेसची डिलीशन, म्हणजे तेवढ्या अक्षरांचा तुकडाच गळालेला. बीटा ग्लोबिन जनुकात थॅलेसेमिया घडवणारे दोनशेहून जास्त बदल जगभरात नोंदले गेलेत, पण भारतातल्या बहुतेक वाहकांमध्ये, म्हणजे जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत दोष असलेल्या माणसांमध्ये, या मूठभरांपैकीच एखादा सापडतो, आणि त्यातही आयव्हीएस १-५ सगळ्यांत पुढे.

आमच्या पुण्यातल्या लॅबमध्ये ही चाचणी वर्षानुवर्षं आर्म्स पद्धतीने होत असे. या पद्धतीत प्रत्येक म्युटेशनसाठी वेगळा प्रायमर, म्हणजे पीसीआरची सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा, असतो आणि त्याचं शेवटचं अक्षर फक्त त्या बदलाशीच जुळतं. जुळलं तर जेलवर पट्टा उमटतो, नाहीतर नाही. शिवाय प्रत्येक नळीत ८६१ बेसचा कंट्रोल पट्टा यावाच लागतो. तो नसेल तर ‘म्युटेशन नाही’ असं म्हणता येत नाही, कदाचित पीसीआरच चाललेला नसतो. म्हणजे एका माणसामागे पाच-सहा नळ्या, सोबत नॉर्मल कंट्रोल, म्युटंट कंट्रोल आणि पाण्याचा ब्लँक. नवरा-बायको दोघं आले की सगळं दुप्पट. दिवसभर पिपेटच्या बटणावर अंगठा, आणि संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत जेलचा फोटो समोर धरून दोघांनी मोठ्याने वाचन करायचं.

हे काम यंत्रावर न्यायचं ठरलं तेव्हा बैठकीत सगळ्यांच्या तोंडी वेगाची भाषा होती. जास्त सॅम्पल होतील, रिपोर्ट लवकर निघतील. मी या विभागात आले तेव्हापासून मला काळजी होती ती वेगळीच. एका सॅम्पलचं भांडं किती वेळा बदलतं, ते मी एकदा कागदावर काढून पाहिलं होतं. रक्ताच्या नळीतून पेशी फोडायच्या, म्हणजे लायसिसच्या, नळीत, तिथून कॉलममध्ये, कॉलममधून डीएनएच्या छोट्या नळीत, मग पीसीआरच्या नळ्यांत, मग जेलच्या खाचेत, मग वहीत आणि शेवटी रिपोर्टवर. दर पायरीला कोणीतरी मार्कर पेनाने नंबर पुन्हा लिहितं. प्रायमर कितीही अचूक असला आणि जेल कितीही स्वच्छ आलं, तरी मधल्या एका ठिकाणी ४७ चा ७४ झाला की एका घराचं उत्तर दुसऱ्या घरात जातं. त्या दोन्ही घरांना ते कधी कळतही नाही.

आणि ही घरं कोणती असतात? नवरा-बायको दोघांचाही एचपीएलसीमध्ये, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीत, हिमोग्लोबिन ए-टू वाढलेला निघालेला असतो. दोघंही वाहक, म्हणजे प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आजाराचं गंभीर रूप, असण्याची शक्यता चारात एक. बाई बहुतेकदा गरोदर असते, सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी वार, म्हणजे प्लासेंटा, तपासायची म्हणून तारीख दिलेली असते. वारेचा नमुना साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात घेतात, आणि तो घेण्याआधी आई-वडिलांची म्युटेशन माहीत असावी लागते, नाहीतर बाळात शोधायचं काय? पिंपरीच्या कॅम्पातून, उल्हासनगरहून आमच्याकडे बरीच जोडपी येतात. फाळणीनंतर तिथे वसलेल्या सिंधी समाजात वाहकांचं प्रमाण जास्त आहे आणि ६१९ ची डिलीशन त्यांच्यात ठळक दिसते. पण आता सगळ्याच समाजांतून, सगळ्या जिल्ह्यांतून लोक येतात, आणि ते चांगलंच आहे. तपासणी वाढली आहे, म्हणून येतात.

या जनुकाचा आणि यंत्राचा संबंध जुना आहे, हे मला कामात पडल्यावर कळलं आणि फार आवडलं. पीसीआरचा वैद्यकीय वापर पहिल्यांदा छापून आला १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीच्या संशोधकांकडून. त्यांनी वाढवलेला तुकडा होता बीटा ग्लोबिनचा आणि निदान होतं सिकलसेलचं. तेव्हा उष्णता सोसणारं टॅक एन्झाइम वापरात नव्हतं. दर फेरीत नळी तापवली की एन्झाइम मरायचं, मग नवं हाताने घालायचं, पुन्हा तापवायचं. या कटकटीतून सुटायला त्यांनी एक यंत्र बनवलं आणि त्याला लाडाने ‘मिस्टर सायकल’ म्हणू लागले. आज आमच्या डेकवर जो यांत्रिक हात फिरतो, त्याचा हा पणजोबा. हाताचा कंटाळा आणि बीटा ग्लोबिन यांची गाठ अशी पहिल्यापासूनच पडलेली आहे.

आम्ही एकच मोठं, सगळं करणारं यंत्र घेतलं नाही. तीन वेगळी घेतली: डीएनए काढणारं, द्रव वाटणारं आणि रिअल-टाइम पीसीआरचं. कारण साधं होतं. एक बिघडलं तर बाकीची दोन चालू राहावीत आणि बिघडलेल्याचं काम निदान हाताने करता यावं. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, यूपीएसवर यंत्रं चालतात पण खोलीचा एसी चालत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तासात खोली इतकी तापते की रीएजंटची काळजी लागते. म्हणून गुरुवारी सकाळी रन लावायचा नाही, हा आमच्या कार्यपद्धतीच्या पुस्तकातला अगदी सुरुवातीचा नियम आहे.

डीएनए काढायचं तत्त्व सोपं आहे. ग्वानिडिनच्या तीव्र क्षारात पेशी फुटतात आणि सिलिकाचा थर असलेल्या चुंबकीय मण्यांना डीएनए चिकटतो. चुंबक लावून मणी धरून ठेवायचे, इथेनॉलने धुवायचे, शेवटी बफरमध्ये डीएनए सोडवून घ्यायचा. हाताने काढलेला डीएनए कोणी काढला यावर अवलंबून असे. आमच्याकडे कोणाचा घट्ट यायचा, कोणाचा पातळ. यंत्राचा एकसारखा येऊ लागला आणि तिथेच पुढचं निम्मं काम सुकर झालं. आर्म्समध्ये डीएनए जास्त पडला की नको तो पट्टाही अंधुक उमटतो, मग तो खरा की खोटा यावर खल चालायचा. ते थांबलं.

पण रक्तात गुठळी असेल तर? कंपनीचा इंजिनिअर प्रात्यक्षिक दाखवत होता तेव्हा आमच्या वरिष्ठ तंत्रज्ञांनी, ज्यांना सगळी लॅब ताई म्हणते, हाच प्रश्न विचारला. माणूस नळी तिरकी करून बघतो, गुठळी दिसली तर बाजूला ठेवतो. यंत्र काय करणार? तो म्हणाला, आत प्रेशर सेन्सर आहे, ओढताना अडथळा आला की यंत्र त्या सॅम्पलपुढे खूण करतं. ताई म्हणाल्या, “दाखवा.” आणि मागे ठेवलेली, मुद्दाम गुठळी होऊ दिलेली नळी त्यांनी पुढे केली. मोठी गुठळी यंत्राने पकडली. बारीक तंतूसारखी होती ती पकडली नाही, कमी रक्त ओढून तसंच पुढे गेलं. त्यामुळे यंत्रात नळ्या चढवण्याआधी प्रत्येक नळी हाताने उलटसुलट करून उजेडात बघायची, ही पायरी आम्ही ठेवली. आजही आहे.

बारकोडने ओळखीचा प्रश्न सुटेल असं बाहेरच्यांना वाटतं. बारकोड फक्त एवढंच सांगतो की हे लेबल कोणाचं आहे. ते लेबल योग्य नळीवर चिकटवलंय का, ते नाही सांगत. आमच्या काही संकलन केंद्रांवर रक्त घेऊन झाल्यावर नळ्या ट्रेमध्ये ठेवायचे आणि नंतर एकत्र बसून लेबलं लावायचे. जोडपं असलं की आडनाव एक, पत्ता एक, तारीख एक. बाईंच्या आधारवर माहेरचं नाव, केसपेपरवर सासरचं. शिबिरात तर सख्खे भाऊ, जावा-जावा, सगळे एकापाठोपाठ. आम्ही केंद्रांवर जाऊन बसलो आणि पद्धत बदलली: माणूस खुर्चीत असतानाच लेबल छापायचं, त्याच्याकडून पूर्ण नाव बोलून घ्यायचं, त्याच्यासमोर नळीवर लावायचं, मगच पुढच्याला बोलवायचं. याला विरोध झाला, कारण रांग लांबते. रांग लांबतेच. लाखो रुपयांचं यंत्र घेऊनही आमच्या लॅबमध्ये ओळखीच्या बाबतीत सगळ्यांत मोठा फरक पडला तो या खुर्चीपाशी, हे मी अनुभवाने सांगते.

बारीकसारीक अडचणीही याच टप्प्यात निघाल्या. लेबल तिरकं लागलं की स्कॅनर वाचत नाही. साध्या थर्मल कागदावर इथेनॉलचा थेंब पडला की छपाई पुसते. लहान मुलांच्या छोट्या नळ्या रॅकमध्ये बसत नाहीत. दोन केंद्रं वेगळ्याच उंचीच्या नळ्या वापरत होती. सगळ्यांना एकाच मापाची नळी पुरवायला लागली.

त्यानंतरची गोष्ट मला अजून बारकाईने आठवते. पीसीआरची प्लेट ९६ खड्ड्यांची, आठ आडव्या ओळी आणि बारा उभ्या. आमच्या लॅबच्या सॉफ्टवेअरमधून निघणारी यादी आडवी जायची: ए-१, ए-२, ए-३. द्रव वाटणारं यंत्र उभं जायचं: ए-१, बी-१, सी-१. दोघंही आपापल्या जागी बरोबर. यादी फाइल म्हणून पाठवली की पहिलं सॅम्पल जुळायचं आणि शेवटचंही जुळायचं, मधली सगळी भलत्याच जागी. पहिलं आणि शेवटचं तपासून कोणी ‘बरोबर आहे’ म्हटलं असतं तर संपलंच. खऱ्या रुग्णांच्या सॅम्पलला हात लावण्याआधी आम्ही रंगीत पाण्याने चाचणी घेतली होती, म्हणून ते उघड्यावर आलं. लाल, निळं, पिवळं, प्रत्येक ‘रुग्णा’चा ठरवलेला रंग, आणि प्लेटवर उतरलेली नक्षी काही वेगळीच. आम्ही सगळे भोवती उभे राहून बघत होतो.

त्यावर उपाय म्हणून यादीतून ओळीचा क्रम काढूनच टाकला. आता प्रत्येक सॅम्पलसोबत खड्ड्याचं नाव स्पष्ट जातं, क्रमावर काहीच अवलंबून नाही. शिवाय प्लेट चुकून उलटी ठेवली गेली तर ए-१ च्या जागी एच-१२ येतो. ते कळावं म्हणून कंट्रोल एका कोपऱ्याकडे झुकते ठेवले आणि प्रत्येक प्लेटमध्ये एक खड्डा मुद्दाम रिकामा सोडला, दर रनला वेगळा. रिकाम्या जागी सिग्नल दिसला, किंवा भलतीच जागा रिकामी दिसली, तर सगळी प्लेट बाद. एखाद-दुसरं सॅम्पल वाचवायचा प्रयत्न करायचा नाही.

मग बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी करून पाहिली. एका घरात भरपूर म्युटंट डीएनए, शेजारच्या घरात नुसतं पाणी, अशी अख्खी प्लेट. यंत्राच्या हाताने एका खड्ड्यातलं दुसऱ्यात सांडतं का, ते यातून कळतं. पहिल्या प्लेटमध्ये दोन पाण्याच्या घरांत उशिरा, क्षीण सिग्नल आला. कंपनीचं म्हणणं, एवढं चालतं. आम्हाला ते चालणारं नव्हतं. हाताचा मार्ग हळू चालवून पाहिला तर टिपच्या टोकाला थेंब लोंबत होता आणि हात उघड्या खड्ड्यांवरून तिरका जात होता. द्रव ओढल्यावर टोकाला थोडी हवा ओढून घ्यायला लावली आणि मार्ग प्लेटच्या कडेने वळवला. त्यानंतरच्या प्लेट स्वच्छ आल्या. पीसीआरच्या मिश्रणात थायमिनऐवजी युरॅसिल वापरायचं आणि आधीच्या रनचे तुकडे युएनजी एन्झाइमने तोडून टाकायचे, ही जुनी खबरदारीही ठेवली. पीसीआरआधीची खोली आणि नंतरची खोली वेगळी, आणि नंतरच्या खोलीतून आधीच्या खोलीत कोणी परत यायचं नाही, हा नियम यंत्र आलं म्हणून सैल केला नाही.

जेलच्या जागी आता रंगांचे प्रोब आले, म्हणजे ठरलेल्या अक्षरांशी जुळले की चमकणारे डीएनएचे छोटे तुकडे. नॉर्मल प्रत असेल तर एक रंग चमकतो, म्युटंट असेल तर दुसरा, दोन्ही असतील तर दोन्ही. पडद्यावर प्रत्येक सॅम्पल म्हणजे एक ठिपका, आणि ठिपक्यांचे तीन पुंजके दिसतात: नॉर्मल, वाहक, होमोझायगस (दोन्ही प्रती म्युटंट). सॉफ्टवेअर पुंजका ओळखून स्वतःच उत्तर लिहितं. इथे मात्र खरी परीक्षा होती.

आमच्याकडे वर्षानुवर्षं जपलेला डीएनएचा साठा आहे, सीक्वेन्सिंग करून, म्हणजे डीएनएची अक्षरं एकेक वाचून, उत्तर पक्कं केलेला. नव्या पद्धतीची पडताळणी त्याच्यावर करायची होती. ताईंनी यादी पाहिली आणि म्हणाल्या, “यात एक-एक आणि एक-पाचची जोडी असलेलं मूल नाहीये. ते घाला.” मी विचारलं का, तर म्हणाल्या, “जेलवर ती जोडी नेहमी भांडते. इथेही भांडेल.”

आणि तसंच झालं. आयव्हीएस १-१ आणि आयव्हीएस १-५ ही ठिकाणं एकमेकांपासून अवघ्या चार अक्षरांवर आहेत. प्रोब त्याहून कितीतरी लांब असतो, त्यामुळे एका ठिकाणच्या चाचणीचा प्रोब दुसऱ्या ठिकाणावरही पसरतो. त्या मुलाला आईकडून १-५ आणि वडिलांकडून १-१ आलं होतं. १-५ च्या चाचणीत नॉर्मल प्रोबने वडिलांकडच्या प्रतीवर बसायला हवं, कारण तिथे पाचवं अक्षर नॉर्मल आहे. पण तिथलं पहिलं अक्षर बदललेलं, म्हणून प्रोब नीट बसत नाही आणि त्याचा रंग उमटत नाही. यंत्राला फक्त म्युटंटचा रंग दिसतो आणि ते लिहितं, १-५ होमोझायगस. १-१ च्या चाचणीत हेच दुसऱ्या बाजूने घडतं, तिथेही होमोझायगस. एका मुलाच्या नावापुढे दोन होमोझायगस उत्तरं, दोन्ही हिरव्या खुणेसह.

“सॉफ्टवेअरला तर काही शंका दिसत नाहीये, मॅडम,” इंजिनिअर म्हणाला.

“त्याला नसू दे,” ताई म्हणाल्या. “या मुलाचे आई-वडील मी स्वतः तपासलेत.”

कोणी म्हणेल, मूल तसंही मेजरच, मग फरक काय? फरक पुढच्या बाळाच्या वेळी पडतो. वडिलांमध्ये १-५ आहे असं धरून वारेच्या नमुन्यात ते शोधलं, तर १-१ घेऊन आलेलं बाळ निरोगी वाहक म्हणून सुटून जाईल. त्या घरात एक आजारी मूल आधीच आहे, दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला येणारं.

मग आम्ही ठरवलं की यंत्राने काय सांगायचं यावर जितका वेळ दिला, त्याहून जास्त वेळ त्याने कधी गप्प बसायचं यावर द्यायचा. ताईंनी, आमच्या विभागप्रमुख मॅडमनी आणि मी बसून जेलच्या जुन्या वह्या काढल्या. कुठल्या सॅम्पलपुढे ‘रिपीट’ लिहिलंय, का लिहिलंय. बरेचदा कारण लिहिलेलंच नव्हतं, ते ताईंच्या डोक्यात होतं. त्या आठवून सांगायच्या आणि मी लिहून घ्यायचे. त्यातून सॉफ्टवेअरच्या वरचा एक थर तयार झाला. एकाच माणसात दोन जागी होमोझायगस दिसलं तर रिपोर्ट अडवायचा आणि सीक्वेन्सिंगला पाठवायचा. होमोझायगस एकच असलं तरी आई-वडिलांची उत्तरं जुळल्याशिवाय सोडायचं नाही, कारण एका प्रतीवर मोठी डिलीशन असेल तरी तसंच दिसतं. ठिपका पुंजक्यांच्या मध्ये पडला तर अडवायचा. नंदुरबार, गडचिरोलीकडून सिकलसेलची सॅम्पल येऊ लागली तेव्हा हाच नियम तिकडेही लागला. सिकलचं म्युटेशन सहाव्या कोडॉनवर, ते आणि कोडॉन ८/९ शेजारीशेजारीच, त्यामुळे दोन्ही घेऊन आलेल्या माणसात तशीच गफलत होऊ शकते.

मला सगळ्यांत उपयोगाचा वाटणारा नियम साधाच आहे: डीएनएचं उत्तर एचपीएलसीशी ताडून पाहायचं. ए-टू वाढलेला आहे पण पॅनेलमध्ये, म्हणजे आम्ही तपासतो त्या म्युटेशनमध्ये, काहीच सापडलं नाही, तर एखादं दुर्मीळ म्युटेशन असणार, सीक्वेन्सिंग करायचं. ए-टू नॉर्मल आहे आणि डीएनएमध्ये आयव्हीएस १-५ सापडलं, तर आधी नळी कोणाची ते पाहायचं. दोन चाचण्या दोन वेगळ्या नळ्यांवर, वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या माणसांनी केलेल्या. त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत तर जीवशास्त्राचं काही नवल सापडलं असं मानायच्या आधी ओळख तपासायची आणि नवं रक्त मागवायचं.

या नियमाने सुरुवातीला उगीचच खूप रिपोर्ट अडवले. पाहिलं तर त्यांतली बरीच लहान मुलं होती आणि त्यांना नुकतंच रक्त चढवलेलं होतं. रक्तदात्याच्या लाल पेशींचं हिमोग्लोबिन एचपीएलसीत दिसतं, मुलाचं स्वतःचं झाकलं जातं. डीएनए मुलाचा, हिमोग्लोबिन बरंचसं दात्याचं, मग जुळणार कसं? आमच्या मागणीपत्रकात शेवटचं रक्त कधी चढवलं हे विचारणारी जागाच नव्हती. ती घातली, आणि ती रिकामी असेल तर सॅम्पल स्वीकारणाऱ्याने फोन करून विचारायचं ठरलं.

वारेचे नमुने आम्ही यंत्रावर चढवले नाहीत. नमुना इवलासा असतो आणि तो पुन्हा मागता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आईच्या पेशींचे तुकडे सुईने वेगळे करायचे असतात, ते काम ताईंचे डोळे आणि हात करतात. डीएनए दोन वेळा वेगळा काढायचा, दोन जणांनी वेगवेगळं वाचायचं. आईच्या डीएनएची सरमिसळ झाली नाही ना, हे पाहायला एसटीआर मार्कर, म्हणजे माणसागणिक लांबी बदलणारे डीएनएचे तुकडे, लावतो: आईचा नकाशा आणि बाळाचा नकाशा शेजारी ठेवून बाळात आईच्या दोन्ही प्रती दिसतात का ते बघायचं. हा भाग कॅपिलरी यंत्रावर होतो आणि नकाशा आपोआप वाचला जातो.

इथे एक गोष्ट वेळेत लक्षात आली म्हणून बरं झालं. एसटीआरच्या तयार किटमध्ये अमेलोजेनिन नावाचा एक मार्कर सहसा असतोच, आणि तो लिंग सांगतो. जगात इतरत्र ती ओळख पटवायची सोय मानली जाते. आपल्याकडे १९९४ च्या प्रसवपूर्व निदानाच्या कायद्याने गर्भाचं लिंग कोणालाही, कुठल्याही प्रकारे कळवायला बंदी आहे. माणूस वाचत होता तेव्हा तो खांब झाकून ठेवायची शिस्त होती. यंत्र मात्र सगळे मार्कर एका तक्त्यात घालून लॅबच्या सॉफ्टवेअरला पाठवायला निघालं होतं. आम्ही तो मार्कर गर्भाच्या नमुन्यांसाठी वाचनाच्या साच्यातूनच काढून टाकला. पडद्यावर येत नाही, फाइलमध्ये जात नाही, छापला जात नाही. साच्यात बदल करायचा अधिकार फक्त विभागप्रमुखांना, आणि केलेला प्रत्येक बदल नोंदला जातो. ज्या लॅब हे काम नव्याने सुरू करतायत त्यांनी कंपनीने दिलेला साचा जसाच्या तसा वापरू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

यंत्र आल्यावर एक ओढाताण कायमची लागली. यंत्राला भरलेली प्लेट हवी असते. अर्धी रिकामी चालवली तरी कंट्रोल तेवढेच, किटचा खर्च जवळपास तेवढाच. हिशेब बघणारे म्हणतात, आठवडाभर साठू दे. पण दहाव्या आठवड्यात असलेल्या बाईचं सॅम्पल साठू देता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भपाताची कायदेशीर मुदत काही परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत गेली, तरी बाराव्या आठवड्यात उत्तर मिळणं आणि अठराव्या आठवड्यात मिळणं यांत बाईच्या शरीराला आणि मनाला फार मोठा फरक पडतो. म्हणून आठवड्यात ठरलेल्या दिवशी प्लेट लागते, आणि गरोदर जोडप्याचं सॅम्पल आलं तर त्याच्यासाठी जुनी आर्म्स लगेच लागते. त्यासाठी प्रायमर साठवलेले असतात आणि नव्या मुलामुलींना आर्म्स हाताने शिकवली जाते. काहींना हे जुनाट वाटतं. मला ते आवश्यक वाटतं, यंत्र बंद पडेल त्या दिवसासाठी आणि जेलवरची ती ‘भांडणारी’ जोडी ओळखता यावी म्हणूनही.

कामं जातील ही भीती आमच्याकडेही होती. दोन तंत्रज्ञ तर सरळ मॅडमकडे जाऊन विचारून आले. प्रत्यक्षात कामाचं स्वरूप बदललं. पिपेटचे तास गेले, त्या जागी अडवलेल्या रिपोर्टचा निकाल लावणं, केंद्रांना फोन करणं, जुन्या कुटुंबांच्या नोंदी जोडणं, कंट्रोलचे आलेख रोज बघणं आलं. ताई आता बहुतेक वेळ अडवलेल्यांच्या यादीपाशी असतात. त्यांच्या अंगठ्याचं दुखणं कमी झालंय, ही गोष्ट कुठल्या अहवालात येणार नाही, पण मला महत्त्वाची वाटते.

सध्या आम्ही अल्फा थॅलेसेमियाकडे वळलोय. ज्यांचा ए-टू नॉर्मल आहे, लोहही भरपूर आहे आणि तरी लाल पेशी बारीक आहेत, अशांमध्ये ३.७ आणि ४.२ या डिलीशन शोधाव्या लागतात. अल्फा ग्लोबिनची दोन जनुकं शेजारीशेजारी आणि जवळपास सारखी असल्यामुळे प्रोबला कोण कुठलं हे कळत नाही, म्हणून पुंजक्यांची पद्धत तिथे चालत नाही आणि गॅप-पीसीआर (डिलीशनच्या दोन्ही बाजूंना प्रायमर ठेवून केलेला पीसीआर) जेलवरच करतोय. डीएनए यंत्र काढतं, प्लेट यंत्र भरतं, वाचन दोन माणसं करतात. रंगीत पाण्याची प्लेट या पॅनेलसाठीही लावून झाली आहे, पटावरची मांडणी पुढच्या आठवड्यात आहे. ठरलेल्या उत्तरांची सॅम्पल अजून पुरेशी जमलेली नाहीत. ती जमेपर्यंत या चाचणीचा एकही रिपोर्ट यंत्राच्या वाटेने बाहेर जाणार नाही.